भरलेली फी परत मागावी काय?

पाऊस सुरू होऊन शाळा उघडल्या, म्हणजे आमच्याकडे पालकांची ये-जा वाढते. कोणास अर्ज लिहून पाहिजे असतो, कोणास दाखल्याची अडचण असते, कोणास मुलगा कोणत्या शाळेंत घालावा ह्याविषयीं सल्ला पाहिजे असतो. अलीकडे त्यांत आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. मूल खासगी शाळेंत घातलें, फी भरली. पुढें कांहीं कारणानें तें मूल त्या शाळेंतून काढावें लागलें. तर भरलेल्या फीपैकीं कांहीं रक्कम परत मागावी काय? मागणें नीतीला धरून होईल काय? आणि मागावयाची तर किती मागावी?

प्रश्न लहान दिसतो. परंतु आमच्या हातून घडलेल्या एका चुकीमुळें त्याचा विचार आम्हांस नीट करावा लागला. ती चूक वाचकांपुढें ठेवणें आम्हांस प्राप्त आहे, कारण तीच चूक आमचे पुष्कळ उपदेशकबंधु चांगल्या हेतूनें करीत असतील असें आम्हांस वाटतें.

आमच्या परिचयाची एक विधवा बाई आठवड्याच्या बाजारांत भाजी विकून संसार चालविते. तिला एकच मुलगा. तालुक्याच्या गांवीं, तिच्या घरापासून १४ किलोमीटरांवर, इंग्रजी माध्यमाची एक खासगी शाळा आहे. गांवांतील चार घरचीं मुलें तेथें जातात हें पाहून तिनेंहि आपल्या मुलास तेथें तिसरीच्या वर्गांत घातलें. प्रवेश फी ३,००० रुपये, पहिल्या सत्राची शिक्षण फी १२,००० रुपये, त्याच सत्राचें बसभाडें ६,००० रुपये, अनामत २,००० रुपये, पुस्तकें व गणवेश ५,००० रुपये. एकूण २८,००० रुपये. ह्यांपैकीं ८,००० रुपये तिनें पै पै करून साठविलेले होते. उरलेल्या २०,००० रुपयांसाठीं तिनें कानांतील सोन्याचीं फुलें सोनाराकडे गहाण ठेविलीं. व्याज दरमहा शेंकडा २ रुपये.

बस गांवाच्या फाट्यापर्यंत येईल असें शाळेनें सांगितलें होतें. चार दिवस ती आली. मग पावसानें रस्ता खराब झाला, आणि बस मोठ्या रस्त्यावरच थांबूं लागली. तीन किलोमीटर चिखल तुडवीत आई मुलाला तेथें पोहोंचवी आणि तेथूनच बाजार गाठी. वर्गांतहि निराळीच अडचण झाली. गांवच्या शाळेंत पाढे खडखडीत म्हणणारा मुलगा येथें तोंड उघडीना. बारा दिवसांनीं तिनें त्याला काढिलें व पुन्हां जिल्हा परिषदेच्या शाळेंत घातलें. पैशांविषयीं विचारावयास ती गेली तेव्हां कारकुनानें पावती उलटी करून दाखविली. पाठीमागें बारीक अक्षरांत छापलें होतें कीं, एकदां भरलेली फी कोणत्याहि कारणानें परत मिळणार नाहीं.

ती आमच्याकडे आली. आम्हीं तिला सांगितलें, “बाई, झालें तें झालें. पैशांसाठीं भांडत बसूं नका. मुलगा शाळेंत जातो आहे ना? तेवढें पुरे.” ती कांहीं बोलली नाहीं. आमचें सांगणें मानून ती गेली, आणि आपण चांगला सल्ला दिला असें समजून आम्ही आपल्या कामास लागलों.

सुमारें सहा आठवड्यांनीं बाजारांत तिची गांठ पडली. दोन महिन्यांचें व्याज थकलें होतें आणि सोनारानें फुलें सोडविण्यास मुदत घातली होती. आम्हीं हळहळ दाखविली, तेव्हां ती हातांतला तराजू खालीं न ठेवतां म्हणाली, “पाळकसाहेब, मी गिऱ्हाइकाकडून दोन किलो वांग्यांचे पैसे घेतले आणि पाव किलोच मापून दिलीं, तर त्याला तुम्ही सांगाल का, जाऊं दे म्हणून? मला तर तुम्ही वेशींतून धरून आणाल.”

ह्या प्रश्नास आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. घरीं येऊन आम्ही विचार करूं लागलों कीं, आम्हीं तिला तसा सल्ला कां दिला? शोध घेतां तीन कारणें सांपडलीं. तीं तिन्ही वरून चांगलीं दिसणारीं आहेत, म्हणून त्यांचा एकेक करून विचार केला पाहिजे.

पहिलें कारण लाज. दिलेला पैसा परत मागणें हें हलकेपणाचें लक्षण आहे, असा आपल्या लोकांत समज आहे. लग्नांतला आहेर परत मागत नाहींत, वर्गणी परत मागत नाहींत. मग फी कां मागावी? परंतु आहेर व वर्गणी हीं देणग्या आहेत. त्यांच्या बदल्यांत कांहीं मिळावयाचें नसतें. फी ही देणगी नव्हे. पुढील पांच महिने मुलास शिकवूं, ने-आण करूं, असें वचन शाळेनें दिलें आणि त्या वचनावर पैसा घेतला. जें काम व्हावयाचें त्याची उचल घेऊन तें काम न करणारा गडी ती उचल ठेवूं लागला, तर गांव त्याला काय म्हणेल? तोच न्याय शाळेला लागू कां नसावा? ज्याच्याजवळ पुष्कळ आहे तो अशी रक्कम सोडतो तेव्हां त्याला उदार म्हणतात. ज्याच्याजवळ नाहीं त्यानें ती मागितली म्हणजे त्याला लोभी म्हणतात. हा लोकमताचा दोष आहे. त्याचें ओझें भाजीवालीच्या डोक्यावर देऊं नये.

दुसरें कारण नम्रता, आणि हें कारण आमच्यासारख्यांच्या तोंडीं नेहमीं असतें. अंगरखा मागणाऱ्यास झगाहि द्यावा ही शिकवण आपणां सर्वांस ठाऊक आहे, आणि ती खरी आहे. परंतु ती ज्याचा अंगरखा आहे त्याला सांगितलेली आहे. शेजाऱ्याच्या अंगावरचा अंगरखा दुसऱ्यास देऊन टाकण्याची मुभा तींत कोणास दिलेली नाहीं. पौलानें करिंथ येथें स्वतःच्या पोषणाचा हक्क सोडिला. तो त्याचा होता आणि त्यानें तो आपल्या खुषीनें सोडिला. तोच पौल फिलिप्पै येथें, अधिकाऱ्यांनीं त्याला अन्यायानें मारून गुपचूप सोडून द्यावयाचें ठरविलें तेव्हां, त्यांनीं स्वतः येऊन आपणांस बाहेर न्यावें असा आग्रह धरून बसला. स्वतःचा हक्क सोडणें हें दान होय. दुसऱ्यास त्याचा हक्क सोडावयास सांगणें हें दान नव्हे, विशेषतः सांगणाऱ्याचें त्यांत कांहीं जात नसेल तेव्हां. आम्हीं त्या बाईस सोडावयास सांगितले ते पैसे आमचे नव्हते, आणि गहाण पडलेलीं फुलेंहि आमच्या घरचीं नव्हतीं. आमची नम्रता तिच्या खर्चानें चालली होती.

ह्याला लागून आणखी एक गोष्ट आहे. गरीब माणूस गप्प बसतो तेव्हां तो नम्रतेनें गप्प बसतो कीं भयानें, हें आपण कधीं पाहत नाहीं. त्या बाईस मुलाचा दाखला अडविला जाईल ह्याचें भय होतें, इंग्रजी बोलणाऱ्या लोकांपुढें उभें राहण्याचें भय होतें, आणि आपला पाळक रागावेल ह्याचेंहि भय होतें. भयानें आलेल्या मौनास शांति म्हणणें ही फसवणूक आहे. शिवाय एक पालक गप्प बसला म्हणजे पावतीच्या पाठीवरची ती ओळ पुढल्या वर्षीं अधिक बळकट होते, आणि तिचा भार पुढल्या गरिबावर पडतो.

तिसरें कारण असें कीं, विद्या पवित्र आहे, तिचा हिशेब मापानें करूं नये. शाळा म्हणजे दुकान नव्हे. हें म्हणणें आम्हांसहि मान्य आहे, आणि आमच्या न्यायालयांनींहि तें वारंवार सांगितलें आहे. सन २००९ मध्यें बिहारच्या शालेय परीक्षा मंडळाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, परीक्षा घेणारें मंडळ हें सेवा विकणारें नव्हे व परीक्षार्थी हा त्याचा ग्राहक नव्हे. सन २०२० मध्यें राष्ट्रीय ग्राहक आयोगानें शिक्षणसंस्थांविषयीं सामान्यतः असाच निकाल दिला; मात्र खासगी शिकवणीचे वर्ग त्यानें त्यांतून वगळले. म्हणून शाळेविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग वाटतो तितका सोपा नाहीं. त्या वाटेस लागण्यापूर्वीं जाणत्या वकिलास विचारावें.

परंतु शाळा दुकान नव्हे ह्याचा अर्थ काय? तिची नीति दुकानदाराच्या नीतीहून उंच असावी, हाच ना? दुकानदार न दिलेल्या मालाचे पैसे ठेवीत नाहीं. मग जी शाळा मुलांस प्रामाणिकपणा शिकविते, तिनें न दिलेल्या शिक्षणाचे व न चालविलेल्या बसचे पैसे ठेवावे काय? पवित्रपणाचें नांव घेऊन दुकानदारापेक्षां कमी प्रामाणिक राहण्याची मोकळीक कोणासहि मिळत नाहीं. शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहिलेला असतो. तो वाचणारीं मुलें शाळेच्या कचेरींत काय चालतें तेंहि पाहत असतात.

येथवर आम्हीं पालकांची बाजू मांडिली. आतां शाळेची बाजू तितक्याच निष्ठेनें मांडिली पाहिजे, नाहींतर आमचाहि तराजू एका बाजूस झुकेल. शाळा वर्षाच्या आरंभीं मुलें मोजून शिक्षक नेमते. एक मूल गेलें म्हणून शिक्षकाचा पगार कमी होत नाहीं, इमारतीचें भाडें कमी होत नाहीं. आपल्या मुलासाठीं जागा धरून ठेविली म्हणून शाळेनें कदाचित् दुसऱ्या मुलास परत पाठविलें असेल. सत्राच्या मध्यें गेलेल्या मुलाची जागा भरतेच असें नाहीं. लहान गांवच्या पुष्कळ खासगी शाळा फीवरच चालतात, आणि तेथील शिक्षकांचे पगार तुटपुंजे असतात. तेव्हां मूल चार महिने शाळेंत बसवून, मग काढून, सगळी फी परत मागणारा पालक हाहि खोट्या मापाचाच माणूस होय. असेहि पालक आम्हीं पाहिले आहेत. दुसऱ्या शाळेंत चार पैसे कमी पडतात म्हणून ऐन सत्रांत मूल हलवावें आणि सगळा दोष पहिल्या शाळेवर ढकलावा, हें त्यांना कांहींच वाटत नाहीं.

मग न्याय्य मागणी कोणती? आमच्या मतें प्रत्येक रकमेस तीन प्रश्न विचारावे. ह्या पैशांत आम्हांस काय मिळालें? काय मिळालें नाहीं? आणि आमच्या जाण्यानें शाळेचें खरोखर काय नुकसान झालें? जें मिळालें त्याची किंमत शाळेची. आमच्यामुळें झालेलें नुकसान तेंहि शाळेनें कापून घ्यावें. ह्या दोहोंपलीकडे जें उरेल तें पालकाचें. पावतीवर काय छापलें आहे त्यावरून हा हिशेब बदलत नाहीं.

हें केवळ आमचें मत नव्हे. आपल्या देशांतील करारांचा कायदा सन १८७२ चा आहे. त्याच्या ७४ व्या कलमाचा आशय असा कीं, करार मोडणाऱ्याकडून किती रक्कम घ्यावयाची हें आधीं लिहून ठेविलेलें असलें, तरी दुसऱ्या पक्षास योग्य तेवढीच भरपाई मिळावी. लिहिलेला आंकडा ही तिची वरची मर्यादा होय. भरलेली रक्कम जप्त करण्याच्या अटीसहि हेंच तत्त्व लागू पडतें, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६३ मध्यें सांगितलें. सन २०१५ मध्यें त्याच न्यायालयापुढें दिल्लींतील एका भूखंडाचा वाद आला. दिल्ली विकास प्राधिकरणानें लिलावांत घेतलेली बयाण्याची रक्कम ठेवून घेतली होती, आणि तोच भूखंड पुढें कितीतरी अधिक किंमतीस विकला होता. जेथें नुकसान झालेंच नाहीं तेथें भरपाई कसली, असा न्याय करून न्यायालयानें ती रक्कम परत करावयास लाविली. भूखंड आणि शाळेंतील बाक ह्यांत फार अंतर आहे हें खरें. पण विचारावयाचा प्रश्न एकच आहे. जागा रिकामी राहिली कीं भरली?

उच्च शिक्षणाच्या बाबतींत तर ह्याचें कोष्टकच झालेलें आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ मध्यें काढलेल्या सूचनेप्रमाणें, प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधीं विद्यार्थी निघाला तर सगळी फी परत द्यावयाची, फक्त किरकोळ कामाबद्दल थोडी कपात. त्यानंतर निघाला तर ९०, ८०, ५० टक्के अशी उतरत जाणारी रक्कम. आणि शेवटची तारीख उलटून ३० दिवसांहून अधिक झाले तर कांहीं नाहीं. खासगी शिकवणीच्या वर्गांसाठीं केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयानें जानेवारी २०२४ मध्यें मार्गदर्शक नियम काढिले. विद्यार्थी मध्यें निघाला तर उरलेल्या मुदतीच्या मानानें फी १० दिवसांत परत करावी असें त्यांत म्हटलें आहे. हे नियम कॉलेजांचे व क्लासांचे आहेत. गांवच्या प्राथमिक शाळेस ते आपोआप लागू होत नाहींत, आणि ते तिच्यावर लादण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु जें अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याच्या बापास न्याय्य, तें आठ वर्षांच्या मुलाच्या आईस अन्याय्य कसें होईल, हा प्रश्न नम्रपणें विचारण्यास हरकत नाहीं.

दाखल्याच्या भयाविषयीं दोन शब्द स्पष्ट लिहिले पाहिजेत, कारण निम्मे पालक ह्याच भयानें मुके होतात. मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्यें झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठीं आहे. त्याच्या ५ व्या कलमांत मुलास सरकारी किंवा अनुदानित शाळेंत बदली करून घेण्याचा हक्क दिला आहे. पूर्वींच्या शाळेच्या मुख्याध्यापकानें दाखला ताबडतोब द्यावयाचा आहे. विलंब करणाऱ्यावर शिस्तीची कारवाई होऊं शकते. आणि दाखला येण्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेस मुलाचा प्रवेश अडवितां येत नाहीं. पैशांचा वाद मोठ्या माणसांचा आहे. त्यांत मूल ओलीस धरणें कोणत्याहि पक्षास शोभत नाहीं. शाळेनें तें करूं नये. तसेंच ज्या पालकाकडे शाळेची खरी बाकी आहे त्यानें ह्या कलमाआड लपून ती बुडवूं नये. दाखला मिळाला म्हणून देणें फिटत नाहीं.

आतां मागावें कसें, हें आमच्या उपदेशकबंधूंसाठीं लिहितों, कारण अर्ज लिहिण्याचें काम बहुधा त्यांच्याकडेच येतें. प्रथम सर्व पावत्या गोळा कराव्या. पैसे फोनवरून भरले असतील तर त्याची नोंद बँकेंतून काढून घ्यावी. मूल कोणत्या तारखेस दाखल झालें, किती दिवस गेलें, कोणत्या तारखेस काढिलें, हें लिहावें. मूल काढल्याचें पत्र त्याच दिवशीं लेखी द्यावें व त्याच्या प्रतीवर शाळेची पोंच घ्यावी. विलंबाचें प्रत्येक पाऊल पालकाची बाजू दुबळी करितें. मागणी एका रकमेंत न मांडतां बाबवार मांडावी, आणि जें आपण मागत नाहीं तेंहि लिहावें. कडक शब्द एकहि नसावा. उत्तर न आल्यास मुख्याध्यापकांस, मग संस्थेच्या चिटणीसांस लिहावें. महाराष्ट्रांत शैक्षणिक संस्थांच्या शुल्काचें नियमन करणारा कायदा २०११ चा आहे. त्याप्रमाणें प्रत्येक शाळेंत पालक-शिक्षक संघ असावयाचा, आणि व्यवस्थापनानें फीचा प्रस्ताव त्याच्या कार्यकारी समितीपुढें ठेवावयाचा असतो. फी परत करण्याचे नियम काय असावे, हा प्रश्नहि पालकांनीं त्या संघांत काढावा. चहा पिऊन सही करून घरीं येण्यासाठीं ती सभा नसते.

त्या बाईचें पुढें काय झालें तें वाचकांस सांगितलें पाहिजे. आम्हीं तिची क्षमा मागितली, आणि मग तिच्या ओसरीवर बसून आम्हीं दोघांनीं हिशेब केला. आमचा विचार सगळे २८,००० रुपये मागावे असा होता. चूक सुधारतांना माणूस पुष्कळदां दुसऱ्या टोंकास जातो. तिनें आम्हांस थांबविलें. पुस्तकें व गणवेश घरांत आहेत, ते ५,००० सोडा, असें ती म्हणाली. नांव नोंदलें, कागद केले, ते ३,००० सोडा. शिक्षण फी पांच महिन्यांची १२,०००, म्हणजे महिन्यास २,४००. मुलगा बाराच दिवस बसला खरा, पण जूनचा महिना त्यांचा. आणि आपण आधीं न कळवितां काढिलें, म्हणून जुलैहि त्यांचा. बसचें भाडें महिन्यास १,२००. “चार दिवस तर आलीच होती,” असें म्हणून तिनें तोहि एक महिना सोडिला. तेव्हां शिक्षण फीपैकीं ७,२००, बसपैकीं ४,८०० आणि अनामत २,०००, मिळून १४,००० रुपयांची मागणी ठरली. भरल्याच्या बरोबर निम्मी.

पहिल्या पत्रास उत्तर आलें नाहीं. दुसरें पत्र चिटणीसांस गेलें, आणि त्यांनीं तिला बोलाविलें. आम्ही बरोबर गेलों, पण बोलली तीच. चिटणीस वाईट मनुष्य नव्हते. त्यांनीं हजेरीपट मागविला व दाखविलें कीं, तिच्या मुलाच्या जागीं दुसरें मूल सप्टेंबरांत आलें. म्हणजे ऑगस्टभर जागा रिकामी होती. तो एक महिना शाळेच्या पदरांत असावा असें ते म्हणाले. तिनें थोडा विचार केला आणि “हें बरोबर आहे,” असें म्हणून मान्य केलें. तिला ११,६०० रुपये मिळाले. निघतांना चिटणीस आम्हांस म्हणाले, “इतक्या वर्षांत रागावलेले पालक पुष्कळ आले, पण हिशेब घेऊन आलेल्या ह्याच पहिल्या.”

तेवढ्यानें फुलें सुटलीं नाहींत. व्याज व कांहीं मुद्दल फिटलें, सोनारानें मुदत वाढविली, आणि उरलेलें ती अजून फेडीत आहे. आमच्या पहिल्या सल्ल्यामुळें गेलेले ते सहा आठवडे व त्यांवरचें व्याज तिला कोणी परत दिलें नाहीं. तें आमच्या खातीं लिहिलेलें आहे, आणि म्हणूनच हा लेख.

पालकांनो, पैसे भरण्यापूर्वीं पावतीची पाठ वाचून घ्या. वाचतां येत नसेल तर वाचून देणारा बरोबर न्या. मूल काढावें लागलें तर कोणत्या रकमेपैकीं किती परत मिळेल हें आधींच विचारा व लिहून मागा. तें विचारल्यानें जी शाळा रागावेल, तिच्याविषयीं तुम्हांस वेळींच कळलें असें समजा. शाळा चालविणाऱ्या बंधूंनो, परतीचा नियम ठळक अक्षरांत, मराठींत, आणि पावतीच्या पुढल्या बाजूस छापा. त्यांत जें तुमचें खरें नुकसान तें अवश्य कापून घ्या. कोणीहि शहाणा पालक तक्रार करणार नाहीं.

आणि उपदेशकबंधूंनो, तुमच्या दारीं असा कोणी आला, तर “जाऊं द्या” हा शब्द तोंडावर येण्यापूर्वीं त्याला विचारा कीं, हा पैसा कोठून आणिला होता. तें ऐकून घ्या, मग पावत्या मागा, आणि त्याच्याबरोबर हिशेबाला बसा.